ट्रिप्सिनच्या घशात अडकलेला घास

आमच्या घरी दळणाचा डबा भरण्याचे काम माझ्याकडे असे. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन, त्यामुळे गव्हात ओंजळ-दोन ओंजळी सोयाबीन घालून दळण आणण्याची पद्धत घरोघरी रुळली होती. मात्र ते सोयाबीन आधी कढईत चांगले खरपूस भाजलेले असले पाहिजे, असा आईचा दंडक होता. ‘कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं,’ एवढेच तिचे स्पष्टीकरण असे. पोटात गेल्यावर ते नेमके कोणाला बाधते, हे मला पुढे जीवरसायनशास्त्र शिकायला लागल्यावर कळले. ते बाधते ट्रिप्सिनला, म्हणजे आपल्या स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणाऱ्या आणि प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या विकराला. बाधण्याची रीत इतकी नामी आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे अनेक वर्षे मनात होते.

सोयाबीन शिजवल्यावर अधिक पोषक होते, हे विज्ञानाला १९१७ पासून ठाऊक आहे. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना कच्च्या आणि शिजवलेल्या सोयाबीनचा आहार देऊन पाहिला, तेव्हा शिजवलेल्या सोयाबीनवर उंदरांची वाढ स्पष्टपणे चांगली झाली. याचे कारण सापडायला मात्र आणखी पाव शतक जावे लागले. १९४५ मध्ये मोझेस कुनित्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिनला रोखणारे एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. हे प्रथिन तसे मोठे आहे, १८१ अमिनो आम्लांचे. पुढच्याच वर्षी डोनाल्ड बोमन यांनी दाखवून दिले की सोयाबीनमध्ये असा एकच पदार्थ नसून दुसरा एक लहान निरोधकही आहे, जो अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि ॲसिटोनमध्ये मात्र साक्याच्या रूपाने खाली बसतो. इस्राएलमधील यहुदित बर्क यांनी १९६१ मध्ये तो शुद्ध करून त्याचे गुणधर्म नोंदवले. तेव्हापासून त्याला बोमन-बर्क निरोधक असे नाव पडले. हरभरा, चवळी, मूग, भुईमूग अशा आपल्या रोजच्या द्विदल धान्यांत त्याचे सख्खे-चुलत भाऊबंद आहेत, पण सर्वाधिक अभ्यास सोयाबीनमधील प्रथिनाचाच झालेला असल्यामुळे मी त्याच्याबद्दलच लिहितो.

हे प्रथिन अवघ्या ७१ अमिनो आम्लांचे आहे आणि त्याचे वजन सुमारे आठ हजार डाल्टन, म्हणजे ज्या ट्रिप्सिनला ते जखडून ठेवते त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. ओदानी आणि इकेनाका या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये त्याचा संपूर्ण अनुक्रम लावला. तो अनुक्रम मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा छपाईत काही चूक झाली असावी असे मला वाटले होते, कारण त्यात जिकडे पाहावे तिकडे सिस्टीन दिसते. ७१ पैकी १४ जागा एकट्या सिस्टीनने अडवलेल्या आहेत, आणि ही १४ सिस्टीन दोन-दोनच्या जोड्या करून सात डायसल्फाइड बंध तयार करतात. गंधकाच्या दोन अणूंमधला हा बंध म्हणजे प्रथिनाच्या साखळीला मारलेला टाका. इतक्या लहान कापडाला सात टाके कोणताही शिंपी विनाकारण घालणार नाही. त्याच अनुक्रमात ग्लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्ले औषधालाही सापडत नाहीत. ग्लायसीन साखळीला कोणत्याही अंगाने वळण्याची मुभा देते, आणि ज्या प्रथिनाचे सगळे भागभांडवलच न वळण्यात आहे त्याला ग्लायसीनचा उपयोग काय, असा माझा आपला अंदाज.

टाक्यांची गरज का पडली, याचे उत्तर प्रथिनाच्या आतल्या बाजूला आहे. प्रथिनांविषयी शिकवताना पहिल्याच तासाला सांगितले जाते की पाण्याचा तिटकारा असणारी अमिनो आम्ले आत गोळा होतात, पाणी आवडणारी बाहेर राहतात आणि त्या आतल्या तेलकट गाभ्यामुळे घडी टिकून राहते. बोमन-बर्क निरोधकाने हा नियम जवळजवळ मोडीत काढला आहे. त्याला नाव घेण्यासारखा गाभाच नाही. पाण्याचा तिटकारा असणारी त्याची कित्येक अमिनो आम्ले उघड्यावर, थेट पाण्याच्या संपर्कात आहेत, तर काही प्रभारित अमिनो आम्ले आतल्या बाजूला वळलेली आहेत. गाभ्याचा आधार नसलेले हे प्रथिन सात टाक्यांच्या जोरावरच आकार धरून राहते. वर्नर आणि वेमर यांनी १९९२ मध्ये एनएमआर तंत्राने द्रावणातील त्याची त्रिमितीय रचना मांडली. तिच्यात हे प्रथिन लांबट दिसते आणि त्याच्या दोन विरुद्ध टोकांना साखळीच्या वळशांचे दोन फासे बाहेर आलेले दिसतात. एका फाशाच्या माथ्यावर १६ व्या क्रमांकाचे लायसीन आहे आणि दुसऱ्याच्या माथ्यावर ४३ व्या क्रमांकाचे ल्युसीन. लायसीन असलेला फासा ट्रिप्सिनसाठी आणि ल्युसीन असलेला कायमोट्रिप्सिनसाठी, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या दुसऱ्या एका विकरासाठी. दोन्ही फासे एकमेकांकडे पाठ करून असल्यामुळे एकच निरोधक एका वेळी दोन्ही विकरांना, एकाला या हाताने आणि दुसऱ्याला त्या हाताने, धरून ठेवू शकतो.

आता खुद्द रोखण्याच्या क्रियेकडे येऊ. निरोधक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अडसर येतो. म्हणजे विकराच्या तोंडात कापता न येण्यासारखे काही तरी कोंबून ते बंद केले असावे, अशी आपली समजूत होते. मीही विद्यार्थी असताना हेच धरून चाललो होतो आणि तोंडी परीक्षेत तसेच ठासून सांगितले होते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी लायसीन किंवा आर्जिनीन यांच्या पुढे तोडते. त्याच्या पृष्ठभागावर एक खोल खोबण असते आणि तिच्या तळाशी १८९ व्या क्रमांकाच्या ॲस्पार्टिक आम्लाचा ऋण प्रभार वाट पाहत बसलेला असतो. लायसीनच्या लांब शाखेच्या टोकाला धन प्रभार असतो, त्यामुळे ती शाखा या खोबणीत चपखल बसते. बोमन-बर्क निरोधक ट्रिप्सिनपुढे १६ वे लायसीन आणि १७ वे सेरीन यांच्यामधला बंध पुढे करतो, आणि तोही ट्रिप्सिनला हवा असतो अगदी त्या ठेवणीत. सामान्य प्रथिनाची लवचीक साखळी खोबणीशी जुळवून घेताना आपले स्वातंत्र्य गमावते आणि त्याची ऊर्जेच्या रूपात किंमत मोजते. निरोधकाचा फासा मात्र आधीपासूनच त्या आकारात घट्ट बांधलेला असल्यामुळे त्याला अशी किंमत मोजावी लागत नाही. थोडक्यात, निरोधक ट्रिप्सिनच्या दृष्टीने उत्तमातला उत्तम घास आहे.

मग तो घास पोटात का जात नाही? एरवी ट्रिप्सिनचे १९५ वे सेरीन, ५७ व्या हिस्टिडीनच्या मदतीने, पुढ्यातल्या बंधावर हल्ला करते. बंध तुटतो, साखळीचा पहिला भाग काही क्षण सेरीनला चिकटून राहतो आणि दुसरा भाग सुटून निघून जातो. त्याने मोकळ्या केलेल्या जागेत पाण्याचा रेणू शिरतो आणि चिकटलेला भागही सोडवतो. सगळी मेख आहे ती दुसरा भाग निघून जाण्यात. निरोधकात १४ व्या आणि २२ व्या सिस्टीनमधला टाका फाशाची दोन्ही टोके खालून बांधून ठेवतो. या नऊ अमिनो आम्लांच्या फाशात लागोपाठ दोन प्रोलीन आहेत, त्यांतल्या पहिल्या प्रोलीनच्या अलीकडचा बंध प्रथिनांत क्वचितच आढळणाऱ्या सिस ठेवणीत वळलेला आहे, आणि १५ व्या थ्रिओनीनचे हायड्रोजन बंध त्या सगळ्याला आतून आवळतात. त्यामुळे बंध तुटला तरी तुटलेला भाग जागचा हलत नाही. पाणी बाहेरच ताटकळत राहते. मोकळे झालेले नत्राचे टोक तिथेच, हातभरही दूर न जाता, उभे असते, आणि बंध पुन्हा जुळणे हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग उरतो. रॅडिस्की आणि कोशलँड यांनी २००२ मध्ये अशाच प्रकारच्या दुसऱ्या एका निरोधकावर काम करताना या स्थितीला तुंबलेल्या पन्हळीची उपमा दिली होती. पावसाळ्यात कौलारू घराच्या पन्हळीत पालापाचोळा अडकला की काय होते हे पाहिलेल्या माणसाला ती लगेच पटते.

बंध तुटून पुन्हा जुळतो, हा केवळ तर्क नाही. सोयाबीनमधल्याच कुनित्झ निरोधकावर मायकेल लास्कोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केलेले प्रयोग मला आजही फार आवडतात. त्यांनी ट्रिप्सिनला तो ठरावीक बंध तोडू दिला, तुटलेला निरोधक वेगळा काढला आणि तो पुन्हा ट्रिप्सिनच्या हवाली केला. ट्रिप्सिनने त्याला धरले तर खरे, पण सोडताना तो काही अंशी पुन्हा अखंड झालेला होता. ज्याचे काम कापण्याचे, त्याच्याकडून शिवण्याचे काम करून घेतले गेले. या मार्गाने चालणाऱ्या सगळ्या निरोधकांच्या यंत्रणेला आता प्रमाण यंत्रणा असेच म्हणतात.

फासा हाच निरोधकाचा जीव आहे, याचे दोन पुरावे मला विशेष वाटतात. पहिला पुन्हा ओदानी आणि इकेनाका यांचाच. या प्रथिनात मेथिओनीन एकच आहे, २७ व्या जागी. १९७३ मध्ये त्यांनी सायनोजेन ब्रोमाइडने साखळी त्या ठिकाणी तोडली, पेप्सिनने आणखी एक छेद दिला, आणि प्रथिनाचे दोन तुकडे वेगळे झाले. एक तुकडा फक्त ट्रिप्सिनला रोखत होता, दुसरा फक्त कायमोट्रिप्सिनला. धड दुभंगले तरी दोन्ही मस्तके आपापले काम करत राहिली. पुराणात जरासंधाचे दोन भाग जोडावे लागले तेव्हा कुठे तो जिवंत झाला, इथे जोडण्याची गरजच पडली नाही.

दुसरा पुरावा सूर्यफुलाच्या बियांतला आहे. त्यांत १९९९ मध्ये अवघ्या १४ अमिनो आम्लांचा एक ट्रिप्सिन निरोधक सापडला. त्याच्या साखळीची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली असल्यामुळे ती बांगडीसारखी बंद आहे आणि तिच्या मधोमध एकच डायसल्फाइड बंध आहे. सोयाबीनच्या निरोधकातला नऊ अमिनो आम्लांचा फासा आणि या बांगडीचा अर्धा भाग शेजारी ठेवून वाचले तर नऊपैकी सात जागा सारख्या निघतात : सिस्टीन, थ्रिओनीन, लायसीन, सेरीन, मग एक वेगळे, मग दोन प्रोलीन, पुन्हा एक वेगळे आणि शेवटी सिस्टीन. नात्याने मात्र ही दोन प्रथिने एकमेकांची कोणी लागत नाहीत. सूर्यफूल आपला निरोधक बियांतल्या साठवणीच्या एका अल्ब्युमिन प्रथिनाच्या पूर्वरूपातून कापून काढते. दोन वेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे तोच फासा विणला, कारण ट्रिप्सिनची खोबण दोघांपुढे एकच होती.

मी स्वतः हा निरोधक डोळ्यांनी पाहिला तो एका वापरात नसलेल्या एक्स-रे फिल्मवर. मराठवाडा विद्यापीठातील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत इतकी स्वस्त आणि सुटसुटीत आहे की ती आपल्या भागात जन्मली याचा मला अजूनही अभिमान वाटतो. एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन हे प्रथिनच. सोयाबीनच्या अर्कातली प्रथिने जेलमध्ये विद्युतप्रवाहाने वेगळी करायची, ते जेल ट्रिप्सिनच्या द्रावणात बुडवायचे आणि फिल्मवर ठेवायचे. जिथे ट्रिप्सिन मोकळे आहे तिथे जिलेटिन खाल्ले जाते आणि फिल्म धुतल्यावर पारदर्शक होते. जिथे निरोधक आहे तिथे जिलेटिन जसेच्या तसे राहते आणि पट्टा उमटतो. भिजवून कुकरमध्ये शिजवलेल्या सोयाबीनच्या अर्काची रांग मी पहिल्यांदा कोरी पाहिली तेव्हा जेल बिघडले असे समजून प्रयोग दोनदा केला. शेजारच्या कच्च्या सोयाबीनच्या रांगेत मात्र पट्टे ठळक होते. कुनित्झ निरोधकाचा एक, आणि बोमन-बर्क निरोधकाचे एकाहून अधिक, कारण त्याचे रेणू एकमेकांना चिकटून राहण्याच्या सवयीचे आहेत.

वनस्पतीला हा सगळा खटाटोप कशासाठी, याचे एक उत्तर बियांमध्ये प्रथिनांचा साठा असतो आणि तो खाणारे पुष्कळ असतात, हे आहे. ग्रीन आणि रायन यांनी १९७२ मध्ये दाखवले की बटाट्याच्या किंवा टोमॅटोच्या पानावर भुंगेरे चरू लागले की इजा न झालेल्या दूरच्या पानांतही प्रोटीएजांना, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकरांना, रोखणारे निरोधक साठू लागतात. १९८७ मध्ये तर चवळीतल्या बोमन-बर्क कुळातील निरोधकाचे जनुक तंबाखूच्या झाडात घालण्यात आले आणि त्या झाडांनी अळ्यांचा अधिक चांगला प्रतिकार केला. त्या बातमीने त्या काळी मोठ्या आशा निर्माण केल्या होत्या. प्रत्यक्षात अळी काही स्वस्थ बसत नाही. घाटे अळी हे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. हरभऱ्यात निरोधक असूनही ती हरभरा फस्त करते, कारण तिच्या आतड्यात प्रोटीएजांची मोठी फौज असते आणि यजमान पिकाच्या निरोधकाला दाद न देणारी विकरे तिने जवळ बाळगलेली असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले की हरभरा, तूर आणि कपाशी या तिच्या नेहमीच्या पिकांचे निरोधक तिच्यापुढे फिके पडतात, तर भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांचे निरोधक तिच्या आतड्यातील विकरांना अधिक समर्थपणे रोखतात. ज्या कुलपाशी तिची रोज गाठ पडते त्याची किल्ली तिने करून ठेवली आहे, अनोळखी कुलपाची नाही.

उंदीर आणि कोंबडीच्या पिल्लांच्या शरीरात वेगळेच घडते. आतड्यात मोकळे ट्रिप्सिन कमी झाले की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक वाढते आणि ते स्वादुपिंडाला आणखी विकरे तयार करण्याचा हुकूम देते. कच्चे सोयाबीन सतत खाल्ल्यास या प्राण्यांचे स्वादुपिंड आकाराने वाढते. शिवाय स्वादुपिंडाची विकरे गंधकयुक्त अमिनो आम्लांनी समृद्ध असतात आणि निरोधकाशी जखडलेल्या अवस्थेत ती विष्ठेवाटे वाया जातात. सोयाबीनमध्ये मेथिओनीन मुळातच कमी, त्यात ही गळती, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गंमत अशी की खुद्द निरोधकात सिस्टीन भरपूर आहे. तो एकदा शिजून निकामी झाला की तोच चांगले अन्न ठरतो.

याच प्रथिनाचे कर्करोग रोखणारे औषध होईल, अशीही आशा दीर्घकाळ होती. प्राण्यांमधील प्रयोग उत्साहवर्धक होते. तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर, ज्यांतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो, सोयाबीनपासून काढलेल्या त्याच्या अर्काची माणसांवर चाचणीही झाली. पण मोठ्या, तुलनात्मक चाचणीत तो अर्क आणि औषधविरहित गोळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे सोयाबीनच्या पिठाच्या पाकिटावर जेव्हा कर्करोगाचा उल्लेख दिसतो तेव्हा मी ते पाकीट पुन्हा फळीवर ठेवतो.

राहिला प्रश्न आईच्या कढईचा. सात टाक्यांचे हे प्रथिन उष्णतेला सहजासहजी बधत नाही. शुद्ध केलेला बोमन-बर्क निरोधक पाण्यात उकळला तरी त्याची क्रिया बराच वेळ टिकते, तर कुनित्झ निरोधक, ज्याच्या १८१ अमिनो आम्लांना मिळून दोनच डायसल्फाइड बंध आहेत, तुलनेने लवकर शरण येतो. दाण्याच्या आत मात्र निरोधक एकटा नसतो. भोवतालच्या प्रथिनांमधले मोकळे गंधकगट उष्णतेत आणि ओलाव्यात त्याच्या टाक्यांशी अदलाबदल करू लागतात, भलतेच धागे भलत्या धाग्यांना जोडले जातात आणि फासा विस्कटतो. म्हणूनच कोरड्या उष्णतेपेक्षा ओली उष्णता अधिक परिणामकारक ठरते आणि रात्रभर भिजवलेले सोयाबीन कोरड्या सोयाबीनपेक्षा लवकर निर्धोक होते.

हे सगळे मी एकदा सुट्टीत आईला समजावून सांगितले आणि सोयाबीन भाजण्याऐवजी भिजवून, वाफवून, उन्हात वाळवून मग दळावे, असा सल्ला दिला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की त्यातला एक दाणा जरी ओलसर राहिला तरी सोयाबीनच्या तेलामुळे गिरणीच्या दगडाला लगदा चिकटतो, तो खरवडायला गिरणीवाल्याने मलाच बोलावले तर मी जाणार का. आता ती सोयाबीन भिजवून वाफवते, दोन दिवस कडक उन्हात वाळवते आणि त्यानंतरही, माझ्याकडे न पाहता, कढईत भाजून घेते.